‘इन विनो वेरितास’ : एका लॅटिन म्हणीची उत्पत्ती आणि तिचा अर्थ

१

लॅटिन भाषेतील ज्या थोड्या म्हणी युरोपाबाहेरही सुशिक्षितांच्या तोंडी रुळल्या आहेत, त्यांत ‘इन विनो वेरितास’ या म्हणीची गणना करावी लागेल. म्हणीत शब्द तीनच आहेत. ‘इन’ म्हणजे ‘मध्ये’; ‘विनो’ हे ‘विनुम’ म्हणजे द्राक्षमद्य या नामाचे, स्थानदर्शक ‘इन’बरोबर येणारे विभक्तिरूप; आणि ‘वेरितास’ हे ‘वेरुस’ म्हणजे ‘खरा’ या विशेषणावरून साधलेले भाववाचक नाम. क्रियापद नाही. शब्दशः मराठी करावयाचे तर ‘मद्यात सत्य’ एवढेच होईल.

या म्हणीचा प्रचलित अर्थ असा सांगण्यात येतो की, मद्य प्यालेला मनुष्य खरे बोलतो. म्हणून शुद्धीवर असताना त्याने जे सांगितले त्यापेक्षा धुंदीत त्याच्या तोंडून जे निघाले त्यावर अधिक विश्वास ठेवावा. हा अर्थ इतका सर्वमान्य झाला आहे की, तो म्हणीत मुळात होता काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न विचारावयाचा आहे. प्राचीन आधार एकत्र मांडून पाहिले असता असे दिसून येते की, या तीन शब्दांच्या मागे निदान तीन निरनिराळी विधाने उभी आहेत आणि ‘मद्यप्याचे वचन सत्य असते’ हे विधान त्यांपैकी एकही नव्हे. प्रचलित अर्थ हा चौथा अर्थ आहे. म्हण आपल्या संदर्भातून सुटल्यामुळे आणि तिच्या व्याकरणिक रचनेमुळे तो शक्य झाला आहे.

२

म्हणीचा उगम लॅटिनमध्ये नसून ग्रीकमध्ये आहे. इसवी सनापूर्वी सहाशेच्या सुमारास लेस्बॉस बेटावरील मितिलेने नगरात होऊन गेलेला कवी अल्कायॉस याच्या एका त्रुटित रचनेत ‘मद्य आणि सत्य’ असा शब्दांचा जोड प्रथम आढळतो. ही ओळ आपल्यापर्यंत पोहोचली ती प्लेटोच्या ‘सिम्पोसिअन’ या संवादावरील प्राचीन टीपांमुळे. मूळ रचना हाती नसल्याने कवीला पुढे काय म्हणावयाचे होते हे त्या ओळीवरून ठरत नाही. तथापि, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील थिओक्रितॉस याने आपल्या एकोणतिसाव्या काव्याचा आरंभ याच वचनाने केला आहे, आणि तेथे त्याचा विनियोग स्पष्ट आहे. मद्य आणि सत्य असे म्हणतात, तेव्हा आपण प्यालेल्यांनीही सत्यवक्ते असले पाहिजे, असा त्याचा आशय आहे.

येथे ‘असतो’ असे म्हटलेले नाही, ‘असले पाहिजे’ असे म्हटले आहे. भाषाशास्त्रीय दृष्टीने हा भेद मूलगामी आहे. पहिले विधान मद्याच्या गुणधर्माविषयी झाले असते. दुसरे हे पानगोष्ठीतील सदस्यांवर येणाऱ्या कर्तव्याविषयी आहे. ग्रीकांची पानगोष्ठी, म्हणजेच ‘सिम्पोसिअन’, ही नियमबद्ध संस्था होती. तीत मद्य पाण्यात मिसळून घेत. निर्भेळ मद्य पिणे हे रानटीपणाचे लक्षण समजले जाई. मोठ्या भांड्यात ते मिश्रण करून सर्वांना वाटले जाई आणि सर्व जण एकाच पातळीवर येऊन बोलत. अशा बैठकीत मन मोकळे करणे हा परस्परांतील करार होता. अल्कायॉसचा ‘आणि’ हा या कराराचा द्योतक मानता येतो. मद्य आणि सत्य ही एकत्र येणारी दोन आहेत. एक दुसऱ्याच्या पोटात दडलेले नाही.

अथेन्सचा इतिहासकार फिलॉखोरॉस याचे एक मत अथेनायॉसच्या संग्रहग्रंथात नोंदलेले आहे, ते या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. पिणारे केवळ स्वतःलाच उघडे करीत नाहीत, तर मुक्त वाणीच्या भरात इतरांनाही उघडे करतात, आणि यावरूनच ‘मद्य आणि सत्य’ हे वचन निघाले, असे तो म्हणतो. मुक्त वाणी हा येथे कळीचा शब्द आहे. अथेन्सच्या सार्वजनिक जीवनात निर्भीड बोलण्याच्या हक्काला जे नाव होते, तोच हा शब्द. निर्भीडपणे बोललेले सर्वच खरे असते असा दावा अथेन्समधील कोणी केला नाही.

प्लेटोच्या ‘सिम्पोसिअन’मधील अल्किबिआदीसचा प्रसंग हा याचा उत्कृष्ट पुरावा आहे. धुंद अवस्थेत आलेला अल्किबिआदीस सॉक्रेटिसाविषयी बोलू लागतो आणि बोलता बोलता याच म्हणीचा आधार घेतो. परंतु आरंभीच तो सॉक्रेटिसाला सांगतो की, मी काही असत्य बोललो तर मध्येच मला अडव. आणि आठवणी मागेपुढे झाल्या तर आश्चर्य मानू नको. ज्याच्या मुखी ही म्हण आहे तोच आपले बोलणे चुकीचे असू शकेल हे गृहीत धरतो. त्याने हमी दिली आहे ती काही न लपविण्याची. न चुकण्याची हमी त्याने दिलेली नाही.

३

ग्रीक परंपरेतील दुसरा प्रवाह मद्याला कसोटी मानणाऱ्यांचा आहे. मेगाराचा थिऑग्निस म्हणतो की, जाणकार सोन्यारुप्याची परीक्षा अग्नीत करतात आणि माणसाचे मन मद्य दाखविते. नाटककार ईस्किलॉसच्या नावावर असलेल्या एका वचनात कांस्याला रूपाचा आणि मद्याला मनाचा आरसा म्हटले आहे. अल्कायॉसच्याच दुसऱ्या एका तुकड्यात मद्य हे माणसात डोकावून पाहण्याचे साधन म्हणून येते. प्लेटोने ‘नियम’ या आपल्या उत्तरकालीन ग्रंथात ही कल्पना शास्त्रशुद्ध पद्धतीने मांडली. एखाद्याच्या हाती व्यवहार सोपवून त्याचा लोभ पारखण्यापेक्षा पानगोष्ठीत, खेळीमेळीत त्याची पारख करणे अधिक स्वस्त आणि निर्धोक आहे, असा त्याचा युक्तिवाद आहे.

हीच उपमा आपल्याकडील वैद्यकग्रंथातही यावी, हे लक्षणीय आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील मदात्ययप्रकरणात असे सांगितले आहे की, उत्तम, मध्यम आणि हीन सोन्याचा भेद जसा अग्नी उघड करतो, तसे मद्य माणसांच्या प्रकृतीचे दर्शन घडविते. हे साम्य संपर्कातून आले की स्वतंत्रपणे सुचले, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. महत्त्वाची आहे ती चरकाची परिभाषा. मद्य हे त्याच्या मते ‘प्रकृतिदर्शक’ आहे. सात्त्विक, राजस आणि तामस वृत्तीची माणसे प्यायल्यावर निरनिराळी वागतात, आणि पाहणाऱ्या वैद्याला त्यांच्या वागण्यावरून वृत्तीचे अनुमान करता येते. ते जे बोलतात ते सत्य असते असे तेथे सुचविलेलेही नाही. सोने अग्नीत गेल्यावर स्वतःविषयी काही सांगत नाही. त्याचा कस पारख्याला दिसतो. कसोटीच्या उपमेत साक्षीदार मद्यपी नसून पाहणारा असतो. थिऑग्निसच्या आणि चरकाच्या उपमेतील हे समान मर्म म्हणीच्या प्रचलित अर्थात पूर्णपणे हरवले आहे.

४

रोममध्ये येताच म्हणीचा सूर बदलतो. इसवी सन ७७ मध्ये तीतुस याला अर्पण केलेल्या ‘निसर्गेतिहास’ या बृहद्ग्रंथाच्या चौदाव्या खंडात थोरल्या प्लिनीने द्राक्षवेली आणि मद्ये यांचे विवेचन केले आहे. खंडाच्या अखेरीकडे तो मद्यासक्तीवर कडाडून टीका करतो. मनातील गुपिते तेव्हा बाहेर पडतात, कोणी आपल्या मृत्युपत्रातील मजकूर जाहीर करून बसतो, कोणी असे शब्द आवरू शकत नाही की जे पुढे त्याच्याच गळ्यावर उलटतात, असे सांगून तो म्हणतो की, सत्य हे आता सर्वसामान्यपणे मद्याच्या नावावर मांडले गेले आहे.

सर्वसाधारण संदर्भग्रंथ आपल्या म्हणीचा लॅटिन उगम म्हणून याच वाक्याकडे बोट दाखवितात. परंतु या वाक्यात आपले तीन शब्द त्या क्रमाने नाहीत, आणि त्यांचा अभिप्रायही निराळा आहे. प्लिनी ‘मद्यात सत्य असते’ असे म्हणत नाही. लोक तसे म्हणू लागले आहेत, एवढेच तो नोंदवितो. ‘सर्वसामान्यपणे’ आणि ‘आता’ या दोन क्रियाविशेषणांनी त्याने त्या लोकमतापासून स्वतःला दूर ठेवले आहे. शिवाय हे वाक्य स्तुतिपर नसून तक्रारीचे आहे. सम्राटांच्या काळातील रोममध्ये, जेथे चहाडखोरांच्या सांगण्यावरून माणसाचे प्राण जात, तेथे मेजवानीत सुटलेला शब्द हा धोका होता. ग्रीकांची निर्भीड वाणी येथे गळती ठरली आहे.

प्लिनीच्या आधी होरातिउस यानेही मद्य अंतरंग उघडते ही कल्पना अनेकदा हाताळली आहे. आपल्या काव्यशास्त्रविषयक पत्रात तर, राजे लोक मैत्रीला पात्र कोण हे ठरविण्यासाठी माणसाला पाजून पाहतात, असे तो सांगतो. तथापि, या कल्पनेची सर्वांत कठोर चिकित्सा केली ती सेनेका याने, आपल्या त्र्याऐंशीव्या पत्रात. स्टोइक पंथाचा संस्थापक झेनो याचे एक अनुमान तो तपासावयास घेतो: मद्यप्याला कोणी गुपित सांगत नाही, सज्जनाला सांगतात, म्हणून सज्जन मद्यपी होणार नाही. सेनेकाला निष्कर्ष मान्य आहे, पण युक्तिवाद अमान्य. पहिले विधानच वस्तुस्थितीला सोडून आहे, असे दाखविण्यासाठी तो उदाहरणे देतो. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये झालेल्या सीझरच्या हत्येचा कट पाणी पिणाऱ्या कास्सिउसला जसा सांगितला गेला, तसाच अट्टल मद्यपी तिल्लिउस किंबेर यालाही सांगितला गेला, आणि तो फुटला नाही. रोमचा नगरपाल लुकिउस पीसो हा नित्य धुंद असे. तरीही औगुस्तुस आणि तिबेरिउस या दोघांनी त्याला गुप्त आज्ञा दिल्या आणि त्याने त्या गुप्त राखल्या.

याच पत्रात पुढे सेनेका म्हणतो की, मद्य दुर्गुण निर्माण करीत नाही, असलेले उघड करते. आंबणाऱ्या द्राक्षरसाने जसे पिंप फुटते आणि तळाचे सारे वर फेकले जाते, तसे मद्याच्या उकळीने अंतरंगात दडलेले बाहेर पडते. या उपमेकडे बारकाईने पाहिले पाहिजे. पिंपाच्या तळाशी असतो तो गाळ. तो त्या पिंपातलाच असतो, यात शंका नाही. पण पिंपातील रस कसा आहे हे केवळ गाळावरून ठरविणारा मनुष्य शहाणा ठरणार नाही.

५

आता म्हणीच्या रचनेकडे वळू. ‘मद्य आणि सत्य’ या जोडापासून ‘मद्यात सत्य’ या आधाराधेयभावापर्यंतचा प्रवास ग्रीकमध्येच झालेला दिसतो. सम्राट हाद्रिआनच्या काळात रोममध्ये अध्यापन करणाऱ्या झेनोबिऑसच्या म्हणींच्या संग्रहात म्हणीचे ‘मद्यात’ असे रूप मिळते. युरोपीय प्रबोधनकाळात डेसिडेरिउस एरास्मस याने आपल्या ‘आदागिया’ या संग्रहात ‘इन विनो वेरितास’ या शीर्षकाखाली तिची चर्चा केली. १५०० मध्ये पॅरिस येथे आठशेंवर म्हणींनिशी निघालेला हा संग्रह १५०८ च्या व्हेनिस आवृत्तीत तीन हजारांच्या वर गेला आणि युरोपभर पाठशाळांतून वाचला गेला. आज म्हण ज्या रूपात सर्वत्र ओळखली जाते, त्या रूपाच्या प्रसाराचे श्रेय मुख्यतः या संग्रहालाच द्यावे लागेल.

संग्रहात शिरलेली म्हण ही वक्ता, श्रोता आणि प्रसंग यांना मुकलेली असते. उरतात ते केवळ शब्द, आणि मग त्यांची रचनाच अर्थ ठरवू लागते. क्रियापदरहित वाक्य हे म्हणींचे सार्वत्रिक लक्षण आहे. ‘नाव मोठे, लक्षण खोटे’, ‘पळसाला पाने तीनच’, ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही मराठी उदाहरणे पुरेशी आहेत. क्रियापद गेले की त्याबरोबर काळ जातो आणि अर्थही जातो. येथे ‘अर्थ’ हा शब्द व्याकरणाच्या परिभाषेत घ्यावयाचा आहे. विधान स्वार्थी आहे की विध्यर्थी, हे ओळखण्याचे साधन उरत नाही. थिओक्रितॉसचे ‘असले पाहिजे’ हे अशा रीतीने ‘असते’ बनले.

याच्या जोडीला ‘वेरितास’ या शब्दाची संदिग्धता आली. त्या शब्दाने वस्तुस्थितीशी जुळणारे वचन हा अर्थ जसा व्यक्त होतो, तसाच बोलणाऱ्याचा खरेपणा हा अर्थही व्यक्त होतो. ग्रीक ‘अलेथेइआ’ या शब्दाची व्युत्पत्ती ‘न दडणे’ या अर्थाकडे नेते. लॅटिन ‘वेरुस’चे नाते जर्मनमधील ‘खरा’ आणि स्लाव्ह भाषांतील ‘श्रद्धा’ या अर्थांच्या शब्दांशी जोडण्यात येते. म्हणजे ज्यावर भरवसा ठेवता येतो ते. आपले ‘सत्य’ हे ‘अस्’ धातूपासून, जे आहे ते. व्युत्पत्तीवरून प्रयोगाचा अर्थ ठरत नाही, हे खरे. तथापि भाषांतरात काय घडते ते यावरून ध्यानात यावे. न दडविण्याविषयीची म्हण विश्वसनीयतेविषयीची झाली, आणि मराठीत ‘सत्य’ या शब्दाने ती थेट सत्तेविषयीची होऊ पाहते.

‘विनुम’चे भाषांतरही असेच अडचणीचे आहे. तो शब्द द्राक्षांच्या पेयाचा आहे. आपले ‘मद्य’ हे ‘मद्’ धातूपासून आलेले असून ते पदार्थाचे नव्हे, परिणामाचे नाव आहे. ‘दारू’ हा शब्द मूळ फारसीत ‘औषध’ या अर्थाचा. मराठीत तो मद्याला आणि तोफेत ठासावयाच्या द्रव्यालाही लागू झाला. ‘दारूत सत्य’ असे म्हटले तर पाणी मिसळून, नियमाने चालणारी पानगोष्ठी डोळ्यांपुढे येणे अशक्य आहे.

६

आतापर्यंतच्या विवेचनावरून तीन अर्थ वेगळे करता येतात. पहिला कराराचा: एकत्र पिणाऱ्यांनी मोकळे बोलावे. दुसरा कसोटीचा: पिणाऱ्याच्या वागण्यावरून पाहणाऱ्याला त्याची प्रकृती कळते. तिसरा गळतीचा: पिणाऱ्याला गुपित राखता येत नाही. तिन्हींचा विषय उघड होणे हा आहे, खरे असणे हा नव्हे.

प्राचीनांना हा भेद चांगला ठाऊक होता. हेरोडोटसाच्या वृत्तांतानुसार इराणी लोक महत्त्वाच्या विषयांची चर्चा धुंदीत करीत, आणि दुसऱ्या दिवशी यजमान तोच निर्णय शुद्धीवर असलेल्यांपुढे पुन्हा ठेवी. मान्य झाला तरच तो स्वीकारीत. इसवी सन ९८ मधील आपल्या ‘गेर्मानिआ’ या ग्रंथात ताकितुस जर्मन टोळ्यांविषयी जवळजवळ हेच सांगतो: बतावणी करता येत नाही तेव्हा विचारविनिमय, आणि चूक होणे शक्य नसते तेव्हा निर्णय. मोकळेपणासाठी एक वेळ आणि सत्यासाठी दुसरी, अशी ही विभागणी आहे. मद्यातच सत्य असते तर दुसऱ्या दिवसाची गरजच पडली नसती.

हा भेद केवळ शब्दार्थाचा नाही. १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात अशी तरतूद होती की, अन्यथा संबद्ध असलेला कबुलीजबाब केवळ आरोपी नशेत असताना दिला म्हणून असंबद्ध ठरत नाही. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही तरतूद राखली आहे. वरवर पाहता कायद्याने आपली म्हण मान्य केली असे वाटेल. परंतु कलमाचे शब्द नकारात्मक आहेत. असा जबाब विचारात घेता येईल, एवढेच ते सांगते; तो खरा मानावा असे सांगत नाही. त्याचे वजन ठरविण्याचे काम न्यायाधीशाचे, आणि तो शुद्धीवर असतो. म्हणीचा प्रचलित अर्थ मनात धरून बसलेला पंच, अधिकारी किंवा आप्तही ही दुसरी पायरी वगळण्याचा संभव असतो. धुंदीत उच्चारलेला एखादा शब्द हेच त्या माणसाचे खरे मन, आणि वर्षानुवर्षे शुद्धीत केलेले वर्तन हा मुखवटा, असा न्याय व्यवहारात कितीदा तरी केला जातो.

आधुनिक मानसशास्त्रही या न्यायाला अनुकूल नाही. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी १९९० मध्ये मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे मद्यामुळे अवधानाचा पल्ला आखूड होतो. समोरची ठळक गोष्ट तेवढी दिसते, आणि एरवी वर्तनाला आवर घालणारे दूरचे विचार मागे पडतात. ही उपपत्ती मान्य केली तर धुंदीतील शब्द हा अंतरंगाचा तळ नसून बहुधा त्या क्षणाचा उद्गार असतो. आणि जे विचार मागे पडले, ते त्या माणसाचे नव्हते असे कोणत्या आधारावर म्हणावयाचे? संयम हाही मनाचाच भाग आहे. सॅम्युएल जॉन्सनने या म्हणीवर घेतलेला आक्षेप येथे आठवतो. माणसे सामान्यतः खोटारडी असतात असे गृहीत धरले तरच या म्हणीत मद्यपानाचे समर्थन सापडेल, असे त्याचे म्हणणे होते. आणि शुद्धीवर असेपर्यंत खोटे बोलणाऱ्या माणसाची संगतच आपण धरणार नाही, असेही त्याने म्हटले होते.

७

शेवटी भाषांतराविषयी. या म्हणीचे ‘मद्यात सत्य’ हे मराठी रूप अचूक दिसते, पण ते चौथ्या अर्थाला बळ देणारे आहे. म्हणून ते टाळावे असे वाटते. बाबिलोनी तालमूदमध्ये याच आशयाचे एक हिब्रू वचन आहे: मद्य आत गेले, गुपित बाहेर आले. हिब्रूत ‘मद्य’ आणि ‘गुपित’ या दोन्ही शब्दांच्या अक्षरांची संख्यामूल्ये प्रत्येकी सत्तर भरतात, यावर ते वचन बेतलेले आहे. त्यात सत्याचा उल्लेखच नाही, आणि त्यामुळे ते आपल्या म्हणीपेक्षा अधिक नेमके ठरते.

मराठीत याला जुळणारा वाक्प्रचार तयारच आहे. पोटातले ओठांवर येणे, असे आपण म्हणतो. पोटात राग असेल, प्रेम असेल, भ्रम असेल किंवा निव्वळ कल्पना असेल. ते ओठांवर आले म्हणजे प्रकट झाले, सिद्ध झाले नाही. शिवाय धुंदीतल्या बोलण्याला मराठीने ‘बरळणे’ हे क्रियापद राखून ठेवले आहे, आणि बरळण्याचा पुरावा म्हणून कोणी उपयोग करीत नाही. तेव्हा ‘मद्य पोटात गेले की पोटातले ओठांवर येते’ असे या म्हणीचे मराठी रूप सुचवावेसे वाटते. मूळ लॅटिनचा आटोपशीरपणा त्यात येत नाही, हे मान्य केले पाहिजे; परंतु अल्कायॉसपासून सेनेकापर्यंतच्या लेखकांना जे अभिप्रेत होते, ते त्यात बरेचसे सुरक्षित राहते.